गुडघ्यामागचं जास्तीचं हाड

"अहो, पाय आत घ्या! ही बस आहे, तुमच्या घरचा दिवाणखाना नाही!"

कुलकर्णी मॅडम ओरडत होत्या. एका हातात डबा, दुसऱ्या हाताने वरचा दांडा धरलेला, आणि त्यांची एक चप्पल माझ्या नडगीला अडकून पुढच्या सीटखाली गेलेली. पगाराच्या विभागातल्या या बाई उंचीने साडेचार फूट, पण आवाज असा की खराडीत ओरडल्या तर हडपसरचे सिग्नल घाबरून लाल व्हावेत. माझा उजवा पाय मधल्या वाटेत अर्धवट पसरलेला होता. पूर्ण सरळ केला तर जीव जायचा, पूर्ण वाकवून ठेवला तर तासाभराने उलगडायचा नाही. म्हणून वाटेत.

"मॅडम, दुखतंय हो. गुडघ्यामागे कोणीतरी रेल्वेच्या रुळाचा खिळा ठोकतंय."

"मागच्या आठवड्यात ताम्हिणीत तुमच्याशी हस्तांदोलन करणारा बिबट्या भेटला होता ना? त्याला सांगा काढायला."

सगळी बस हसली. ड्रायव्हरही हसला. मीसुद्धा हसलो, कारण बिबट्याची गोष्ट माझीच होती आणि चांगली जमली होती. पण हसताना पाय जरासा ताणला गेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. ते मात्र कोणाला दिसले नाहीत.

*

मी मूळ अमरावतीचा. नोकरीसाठी पुण्यात आलो तेव्हा हिंजवडीत ऊस होता आणि खराडीत ज्वारी. मग दोन्हीकडे काच उगवली. आम्ही फ्लॅट घेतला खराडीत आणि मला नोकरी लागली हिंजवडीत, म्हणजे शहराच्या या टोकाचं घर आणि त्या टोकाचं पोट. मध्ये कंपनीची बस. ती बस इतकी सावकाश जायची की औंधला ओळख झालेल्या दोन पोरांचं वाकड येईपर्यंत लग्न ठरायचं आणि परतीच्या फेरीत बारशाचे पेढे वाटले जायचे.

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका मी शोधायचो. दिवसभर रुक्ष खरं बोलावं लागायचं, म्हणून बसमध्ये खोटं बोलायचो. खोटं म्हणजे अगदी खोटं नाही. बिबट्या होता. लांब होता. कदाचित कुत्रा असेल.

दुखणं सुरू झालं पावसाळ्यात. उजव्या गुडघ्याच्या मागे, बाहेरच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. पाय सरळ करून उभं राहिलं की तिथे काहीतरी घासायचं. आमच्या इमारतीची लिफ्ट बिल्डर 'पुढच्या महिन्यात' सुरू करणार होता, तिसरं वर्ष चालू होतं. तिसऱ्या मजल्यावर चढताना मी प्रत्येक जिन्यावर थांबायचो आणि खालच्या जोशीकाकांना सांगायचो की हवा खातोय.

घरी वंदना, माझी बायको, तीही अमरावतीचीच. चंदननगरच्या शाळेत गणित शिकवते. मी म्हणालो, "वंदना, पाय कापून टाकावा असं दुखतंय."

तिने वहीतून मान वर केली नाही. "मागे दात दुखला तेव्हा डोकं कापा म्हणत होते. आता किती राहील तुमचं?"

तिचाही दोष नव्हता. पंधरा वर्षं तिने माझं सगळं निम्म्याने भागून ऐकलं होतं. पण दुखणं भागलं जात नव्हतं. मी भाजी आणेनासा झालो, मुलीला स्कूटरवर क्लासला सोडेनासा झालो, आणि गॅसची टाकी वंदना एकटी तिसऱ्या मजल्यावर चढवायला लागली. टाकी जरा जोरात ठेवायची.

*

निदानाच्या दिवशी मी एकटाच गेलो. वंदनाला सुट्टी मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारशी मागायलाही लावली नाही. हाडांचे डॉक्टर पुण्याच्या जुन्या भागातले, शब्द मोजून वापरणारे. एक्स-रेची फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर खोचली आणि पेनाच्या टोकाने दाखवलं.

"हा ठिपका दिसतोय आपल्याला?"

गुडघ्याच्या मागे, इतर हाडांपासून सुटा, वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. मी विचारलं, "तुकडा पडलाय का?"

"नाही. ते हाडच आहे. जास्तीचं. पोटरीच्या स्नायूच्या दोरीत तयार होतं. फॅबेला म्हणतात, म्हणजे लहानसा दाणा. आपण पाय सरळ केलात की तो मांडीच्या हाडावर घासतोय."

मी खुर्चीत ताठ झालो. दुखणं क्षणभर विसरलो म्हटलं तरी चालेल. जास्तीचं हाड! सगळ्या मनुष्यजातीला मोजून दिलेली हाडं, आणि मला वर एक.

"डॉक्टर, हे लाखात एकाला असेल?"

"छे. पुष्कळांना असतं. जगात कुठे कमी, कुठे जास्त. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्या आशियाकडे जास्त सापडतं. बहुतेकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही."

"मग मलाच का दुखतंय?"

"ते त्या हाडाला विचारावं लागेल."

त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. सहा आठवडे व्यायाम आणि शेक, लांबचा प्रवास बंद. नाही भागलं तर इंजेक्शन. तेही नाही लागू पडलं तर काढून टाकू. 'काढून टाकू' हे त्यांनी अंगठी काढून ठेवावी इतक्या सहज म्हटलं. मी बाहेर बाकावर येऊन बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. जास्तीच्या हाडाचा आनंद तेवढ्यात उतरला होता. सहा आठवड्यांनीही असंच राहिलं तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. माझे वडील शेवटची चार वर्षं काठीवर काढून गेले. मी बेचाळीसचा होतो.

घरी वंदनाला म्हणालो, "माझ्या गुडघ्यात एक हाड जास्त निघालं."

ती पोळ्या लाटत होती. "तुमच्या जिभेला हाड नाही म्हणतात तं खोटं नाही. तिथलंच घसरून गुडघ्यात गेलं असेल."

फिल्म पाकिटातून बाहेर काढायची माझी हिंमतच झाली नाही.

*

आमच्या कंपनीचं छोटं कार्यालय खराडीतही होतं, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. काही महिने तिथे बसून काम करू दिलं असतं तर बस सुटली असती. एवढंच मला हवं होतं. त्यासाठी समीरची परवानगी लागणार होती. समीर माझा मॅनेजर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने वाईट नाही, पण त्याच्यावर त्याचा मॅनेजर आणि त्याच्यावर अमेरिकेतला क्लायंट.

"गजभिये दादा, नक्की काय झालंय?"

इथे मी माती खाल्ली. चिठ्ठी पुढे करून गप्प बसायचं होतं. पण मी म्हणालो, "समीर, मेडिकलला दुर्मीळ केस आहे. कोटीत एकाला असतं असं हाड."

"कोटीत एक?"

"दोन कोटीत म्हण."

समीरने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर शोधलं. थोडं वाचलं आणि म्हणाला, "दादा, इथे लिहिलंय हे कुत्र्या-मांजरांना तर सर्रास असतं."

ही बातमी दुपारच्या चहाच्या आत बसभर झाली. संध्याकाळी चढलो तर मागच्या सीटवरून कोणीतरी भुंकलं. कुलकर्णी मॅडम म्हणाल्या, "अहो, कोटीत एक म्हणे! मग आमच्या गुडघ्यात काय, भुसा भरलाय?"

माझ्यातला बढाईखोर उठून उभा राहिला. मी नाही, तो. "आणा तुमचे एक्स-रे! या बसमध्ये एकाच्याही गुडघ्यात असं हाड निघालं तर अख्ख्या बसला मिसळ!"

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पुष्कळांना असतं. ते मला ठाऊक होतं. पण कोटीत एक म्हणून बसलो होतो, आता उतरायचं कसं?

*

एक्स-रे फेकून द्यायची आपल्याकडे पद्धत नाही. तो कपाटावर जातो, सुटकेसखाली, आणि घर बदललं तरी बरोबर येतो. सोमवारी सकाळी नऊ पाकिटं आली. कोणाचं कॉलेजच्या फुटबॉलमधलं, कोणाचं स्कूटरवरून पडलेलं, कोणी सासऱ्यांचंच उचलून आणलेलं. एका फिल्मला मधोमध चौकोनी भोक होतं, घरच्यांनी ग्रहण बघायला तुकडा कापून नेला होता.

वाकडच्या अलीकडे बस थांबली ती थांबलीच. पुढे ट्रक आडवा. ऊन डाव्या खिडक्यांवर आलं होतं. पोरांनी नमुना म्हणून माझी फिल्म पहिल्या काचेला चिकटपट्टीने लावली, मग एकेक करून बाकीच्या. बाहेरून जाणारे मोटारसायकलवाले वळून बघत होते. बसच्या डाव्या अंगाला रांगेने गुडघे लटकत होते. आत बंगाली, मल्याळी, सरदार, लातूरचे, सोलापूरचे, सगळे नाक काचेला लावून ठिपका शोधत होते. अख्ख्या देशाचे गुडघे तपासणारी ती जगातली एकमेव बस असावी. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

"मिळाला!" बंगाली पोरगा ओरडला. त्याच्याच फुटबॉलच्या फिल्ममध्ये. मग कोट्टयमच्या एका पोरीच्या फिल्ममध्ये. बाकीच्यांत कुठे नव्हता, कुठे ठिपका की बोटाचा ठसा ते कळेना. शेवटी कुलकर्णी मॅडमची फिल्म लावली, दोन्ही गुडघ्यांची. दोन्हीकडे ठिपके, टपोरे.

ड्रायव्हर तुकाराम मुळशीकडचा. तो स्टिअरिंग सोडून मागे आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "आयला, म्याडमला तर दोन हायेत!"

"आणि दोन्ही दुखत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. मिसळीच्या घोषणा झाल्या. मी हात जोडून हसत होतो. समीर त्या दिवशी गाडी बिघडली म्हणून आमच्याच बसला होता, दुसऱ्या रांगेत. तो टाळ्या वाजवत नव्हता.

दुपारी त्याने मला बोलावलं. "दादा, बसमध्येच तिघांना निघालं. तिघंही रोज येतात. मी वर काय सांगू?"

खराडीचं तिथेच बारगळलं. साक्षीदार मीच गोळा केले होते.

ज्यांना हे दुखणं आहे त्यांच्यासाठी एवढं लिहितो. पुष्कळांना असतं, हे खरं आहे. पुष्कळांना दुखत नाही, हेही खरं आहे. पण दुसऱ्याचा गुडघा मोजून आपला थांबत नाही. ज्यांना दुखत नाही त्यांनी ते शोधायच्या फंदात पडू नये, आणि ज्यांना दुखतं त्यांनी मिसळीची पैज लावू नये.

*

मग ते सहा आठवडे. त्यांत सांगण्यासारखं काही नाही, हाच त्यांचा त्रास. ऑफिसमधून तास-दीड तास आधी निघायचं, व्यायामाच्या केंद्रात बाकावर नंबर लावायचा, गरम पिशवी, पायाखाली गुंडाळलेला टॉवेल, दाबा, सोडा, दाबा, सोडा. शेजारच्या खाटेवरच्या आजी रोज विचारायच्या, "तुमचं काय मोडलंय?" आणि मी रोज सांगायचो, काही मोडलं नाही, वाढलंय. त्या रोज विसरायच्या. मला रोज तेच सांगायचा कंटाळा यायला लागला, आणि मला बोलायचा कंटाळा येणं म्हणजे काय ते माझ्या ओळखीच्यांना विचारा.

व्यायाम शिकवणारी ताई, सांगलीची, कागदावर रोज एक आकडा लिहायची. "दहापैकी किती दुखतंय आज?"

"चौदा."

"काका, दहापैकी."

"मग दहाचं माप लहान आहे तुमचं."

ती हसायची आणि रकाना रिकामा ठेवायची. चार आठवडे माझा रकाना रिकामा होता.

बसमध्ये भुंकणं थांबलं. कोणी ठरवून नाही, विषय शिळा झाला. एके सकाळी कुलकर्णी मॅडम त्यांच्या पुढच्या, एकट्या सीटवरून उठल्या. तिथे पुढे पाय ठेवायला जागा असते. "इथे बसा. पाय ड्रायव्हरमागच्या त्या पेटीवर ठेवा. आणि वाकडपर्यंत बोलू नका." मी बसलो आणि बोललो नाही. औंधच्या पुढे मला झोप लागली. त्या महिन्यातली ती सगळ्यात चांगली झोप.

पाचव्या आठवड्यात मला एकट्याने रिक्षातही चढता येईना, म्हणून वंदना शाळा सुटल्यावर बरोबर आली. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून चाचणीच्या वह्या तपासत होती. ताईने विचारलं, "काका, आज किती?"

मी छताकडे बघत होतो. चौदा म्हणावं असं वाटलं, पण ते म्हणायला लागणारा जोरच अंगात नव्हता.

"सहा," मी म्हणालो.

ताईने लिहिलं. कोपऱ्यातलं लाल पेन थांबल्याचं मला ऐकू आलं.

रिक्षात येरवड्याच्या पुढे वंदना म्हणाली, "कधीपासून सहा आहे?"

"पावसाळ्यापासून."

"मग मले चौदा काहून सांगत होते?"

"सहा म्हटलं असतं तर तू निम्म्याने भागून तीन धरले असते."

"मी चौदाचे शून्य धरत होती," ती म्हणाली. मग माझी पिशवी तिने आपल्या मांडीवर घेतली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती माझ्या एक पायरी मागे चालली. मी थांबलो की थांबली.

वर गेल्यावर तिने फोन माझ्या हातात दिला. "त्या समीरला लावा. सहा सांगा. डॉक्टरची चिठ्ठी पाठवतो म्हणा. अजून एक शब्द बोलाल तं मी फोन ठेवून देईन." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी तेवढंच बोललो. पलीकडून समीर म्हणाला, "दादा, तुम्ही बरे आहात ना?" इतकं कमी बोललेलं त्याने मला कधी ऐकलं नव्हतं. पंधरा दिवसांनी खराडीत टेबल मिळालं, जिथे एसीचं पाणी टपकतं तिथलं. मी बादली ठेवली आणि कामाला लागलो.

*

बहुतेकांचं व्यायामावर भागतं. माझं भागलं नाही. इंजेक्शन महिनाभर पुरलं. मग काढायचं ठरलं.

भरती व्हायच्या सकाळी फॉर्मवर सही केली. काय काय होऊ शकतं याची यादी होती, शेवटची ओळ मी वाचली नाही. वंदनाने वाचली आणि साक्षीदाराच्या जागी सही केली. वॉर्डात शेजारी वाघोलीचे एक शेतकरी होते, खुब्याचं ऑपरेशन झालेले. त्यांनी विचारलं, "भ्या वाटतंय का?" मी म्हणालो, "थोडं." तेवढंच.

कमरेतून भूल दिली, वरून झोपेचंही काहीतरी दिलं. डॉक्टर नंतर म्हणाले, आपण घोरत होतात. डॉक्टरांनी ते हाड बाहेर नेऊन वंदनाला दाखवलं, आणि मग ते तपासायला गेलं. मला जाग आली तेव्हा काही शिल्लक नव्हतं. ज्या हाडासाठी एवढा तमाशा झाला, ते मी स्वतः पाहिलंच नाही.

गुडघा बरा व्हायला आणखी तीन महिने लागले. काठी, मग काठीशिवाय, मग जिना. हल्ली पाय सरळ करून उभा राहतो तेव्हा काही घासत नाही. थकवा मात्र अजून गेला नाही. लोकांना वाटतं दुखणं गेलं की माणूस पूर्वीसारखा होतो. मी अजून जिन्यावर मध्ये थांबतो. पाय दुखत नाही, सवय राहिली आहे.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर चौथ्या दिवशी सासूबाई अमरावतीहून आल्या. तोवर माझ्या अंगात जरा जीव आला होता. बघायला आलेल्या जोशीकाकांना मी सांगत होतो की हाड सुपारीएवढं निघालं. काकू उशिरा आल्या तेव्हा ते लिंबाएवढं झालं होतं. डॉक्टरांची पक्कड वाकली, हेही त्याच ओघात झालं.

स्वयंपाकघर माझ्या पलंगाच्या भिंतीपलीकडेच आहे. सासूबाईंनी आवाज खाली घेतला, पण त्यांचा खालचा आवाजही वर्धा-नागपूरपर्यंत जातो.

"वंदे, जवाईबापूचं ते हाड खरंच होतं काय वं? का आपलं नेहमीसारखंच?"

भांडं घासायचा आवाज थांबला.

"होतं, आई. मी पाहिलं," वंदना म्हणाली. "दुखत होतं त्यांना."